येलो लॅबचा फोटो की सांडलेली हळद?

गणपतीच्या सुट्टीत भाचा कोथरूडला आमच्याकडे राहायला आला. हातात नवा फोन, फोनच्या पाठीवर तीन कॅमेरे, त्यातला एक ५० मेगापिक्सेलचा. आल्या आल्या हॉलमधल्या चार फुटी टाकीसमोर मांडी ठोकून बसला आणि अर्ध्या तासात ८० फोटो काढले. त्यातला सगळ्यात बरा संध्याकाळी घरच्या ग्रुपवर पडला. त्यावर आईचा पहिला प्रश्न: "टाकीत हळद सांडली का रे?"

ती हळद म्हणजे माझा लाडका येलो लॅब, कुळानं सिक्लिड. चार इंचांचा पिवळाधमक मासा, पाठीच्या पराला काळी किनार. फोटोत पराचा पत्ता नव्हता, डोळ्याचाही नव्हता.

"मामा, तुझे मासेच फार पळतात," भाच्यानं निकाल देऊन टाकला.

टाकी पाळणारे बहुतेक जण हेच म्हणतात. बरीच वर्षं मीही म्हणत होतो, आणि माझा नेम चांगला नाही असं समजून बोटाची चपळाई वाढवायच्या मागे होतो. खरी अडचण माशात नाही आणि बोटातही नाही. टाकीत उजेड कमी आहे. किती कमी, ते आकडे मांडले की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

कोण हे सिक्लिड?

सिक्लिड हे माशांच्या एका मोठ्या कुळाचं नाव. स्पेलिंग फसवं असल्यामुळे दुकानांत चिचलिडपासून चिकलेटपर्यंत काहीही ऐकू येतं. ऑस्कर, एंजल, डिस्कस ही मंडळी याच कुळातली. कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्नही यातलाच, फक्त तो माणसानं संकर करून बनवलेला. केरळचा करीमीन सिक्लिड आहे आणि उजनीच्या पाण्यातून भिगवणच्या बाजारात येणारी चिलापीसुद्धा. म्हणजे टाकीत कधी पाहिला नसला तरी पुणेकरानं सिक्लिड ताटात पाहिलेला असतो.

माझ्या टाकीतले पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या जातींचे आहेत. त्या सरोवरात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठंही सापडत नाहीत. त्यातल्या खडकांत राहणाऱ्या गटाला (येलो लॅबही यातलाच) तिथल्या टोंगा भाषेतून आलेलं म्बुना हे नाव आहे. खडकावरचं शेवाळ खरवडायचं, आपल्या कपारीसमोर दुसरा दिसला की अंगावर धावून जायचं, पुन्हा कपारीत यायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. डिस्कस पाण्यात टांगल्यासारखा उभा राहतो, त्याचा फोटो कोणालाही जमतो. म्बुना मात्र जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंसारखे, सतत जागेवरून कटकट.

पळतो म्हणजे किती पळतो?

कॅमेऱ्यात प्रकाश ठरावीक वेळ आत येतो आणि मग दार मिटतं. हे दार किती वेळ उघडं राहिलं, त्याला शटर स्पीड म्हणतात. दार उघडं असताना मासा जेवढा सरकेल तेवढा तो फोटोत फासला जातो.

आता हिशोब. कोणाच्या तरी मागे लागलेला मासा सेकंदाला ३० सेंटिमीटर जातोय असं धरू. घरातल्या उजेडात फोन आपल्या मनानं शटर ठेवतो १/६० सेकंद किंवा त्याहूनही सावकाश. १/६० सेकंदात मासा अर्धा सेंटिमीटर सरकला, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या डोळ्याएवढं अंतर. १/२५० ला हेच अंतर १.२ मिलिमीटर होतं आणि १/१००० ला ०.३ मिलिमीटर.

फोटोच्या चौकटीत टाकीचा २० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा आहे आणि फोटो ४,००० ठिपके रुंद आहे असं समजा. एका मिलिमीटरला २० ठिपके आले. १/६० सेकंदात मासा १०० ठिपक्यांवर फासला जाणार. भाच्याचा ५० मेगापिक्सेलचा फोटो साधारण ८,००० ठिपके रुंद, त्यामुळे तिथं तोच मासा २०० ठिपक्यांवर फासला गेला. डाग तेवढाच, फक्त जास्त बारकाईनं टिपलेला. मेगापिक्सेल वाढवून हा प्रश्न सुटत का नाही, त्याचं उत्तर एवढंच आहे. फोनच्या जाहिरातीत अर्थात ते कोणी सांगत नाही.

मग दार लवकर का मिटवत नाही?

कारण तेवढ्या वेळात पुरेसा उजेड आत येत नाही.

आपले डोळे इथं आपल्याला फसवतात. दिवा लावलेली टाकी खोलीत लखलखते, म्हणून ती उजळ वाटते. भर दुपारी पर्वतीच्या पायऱ्यांवर साधारण १ लाख लक्स उजेड असतो. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजायचं माप. माझ्या टाकीत मधल्या उंचीवर तो हजाराच्या आसपास भरतो. शंभरपट कमी. डोळ्याची बाहुली आणि मेंदू मिळून हा फरक गुपचूप सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला तो फोटोतच भरून काढावा लागतो.

भरून काढायला शटरखेरीज दोन वाटा आहेत. पहिली लेन्सच्या छिद्राची, जिला अॅपर्चर म्हणतात. ते एफ अमुक अशा आकड्यात सांगतात आणि आकडा लहान असेल तर छिद्र मोठं. छिद्र मोठं केलं की उजेड भरपूर येतो, पण मग फोटोतला स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. मोठ्या सेन्सरच्या (म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यात वरची २० सेंटिमीटरची चौकट घेतली तर एफ २.८ ला हा थर जेमतेम ६ मिलिमीटर, एफ ८ ला १७ मिलिमीटरच्या आसपास. मासा किंचित तिरका झाला तरी डोळा स्पष्ट आणि शेपूट धुक्यात.

दुसरी वाट आयएसओची. मांडवात पाहुणे पुटपुटतात तेव्हा माइकवाला आवाज वाढवतो. पाहुण्यांचा आवाज वाढतो, त्यासोबत खरखरही वाढते, कारण मुळातला आवाज तेवढाच असतो. आयएसओ वाढवणं म्हणजे तेच. आलेला उजेड मोठा करून दाखवायचा, सोबत दाणेदार खरखर घ्यायची.

आता तिन्ही एकत्र मांडू. हजार लक्सच्या टाकीत एफ ५.६ आणि आयएसओ १०० ठेवलं तर शटर १/८ सेकंद लागतं. १/५०० हवं असेल तर उजेड सहा वेळा दुप्पट करायला हवा, म्हणजे आयएसओ ६४००. चांगल्या कॅमेऱ्यात ते चालून जातं. फोनच्या बारक्या सेन्सरवर मात्र फोटोत इतकी खरखर येते की फोन ती घासून पुसून टाकतो, आणि त्या पुसण्यात खवलेही जातात.

वीज चमकली की पंखा थांबतो

उजेडच कमी आहे, तर उजेड वाढवायला हवा. तो दोन प्रकारे वाढवता येतो: सतत किंवा क्षणभर.

जूनच्या पहिल्या वळवाच्या रात्री दिवा मालवून पडलेलो असताना खिडकीबाहेर वीज चमकते आणि गरगर फिरणारा पंखा डोळ्यांपुढे क्षणभर थांबतो. पंखा थांबलेला नसतो. आपल्याला दिसायला उजेड तेवढाच क्षण मिळालेला असतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले हॅरल्ड एजर्टन यांनी याच तत्त्वावर दुधाच्या थेंबाचा मुकुट (१९५७) आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी (१९६४) टिपली. गोळी थांबते म्हटल्यावर म्बुना काय चीज आहे!

फ्लॅशनं मासा गोठवायचा तो असाच. कॅमेऱ्यावर लावायचा सुटा फ्लॅश पूर्ण ताकदीला बऱ्यापैकी लांबट पेटतो, पण ताकद १/१६ वर आणली की तो १/४००० ते १/१०००० सेकंदाच्या घरातच पेटून विझतो. १/५००० धरलं तर तेवढ्यात आपला मासा ०.०६ मिलिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत जेमतेम सव्वा ठिपका.

गंमत अशी की इथं शटर फारसं कामाचं राहत नाही. मी कॅमेरा १/२०० वर ठेवतो, एफ ८, आयएसओ २००. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काळा आला याचा अर्थ टाकीच्या नेहमीच्या दिव्याचा फोटोत काही वाटा नाही, जे काय दिसेल ते फ्लॅशच्या त्या क्षणातलंच. मग फ्लॅश चालू. फोटो फिका आला तर फ्लॅश जवळ आणतो किंवा आयएसओ थोडा वाढवतो. फ्लॅशची ताकद वाढवण्याचा मोह शेवटपर्यंत टाळतो, कारण ताकद वाढली की पेटण्याचा वेळही वाढतो. शटर १/२५० च्या वर नेलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते, म्हणून तिकडेही जात नाही.

"फ्लॅश मारला की काचेत पांढरा गोळा येतो"

येणारच. कॅरममध्ये स्ट्रायकर समोरच्या कडेला काटकोनात मारला की थेट आपल्याकडे परत येतो, तिरका मारला की तेवढाच तिरका पलीकडे जातो. प्रकाशही काचेवर हेच करतो. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरच्या काचेवर काटकोनात आपटतो आणि लेन्समध्ये परत येतो. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा आणि टाकीच्या वरून खाली सोडायचा. मी तो टाकीच्या काचेच्या झाकणावर पालथा ठेवतो, खाली दुधी प्लास्टिकचा तुकडा. कॅमेऱ्याशी त्याची गाठ बिनतारी ट्रिगरनं घालतो. मासे एरवीही वरूनच उजेड घेतात, त्यामुळे फोटोही नैसर्गिक दिसतो. मात्र तळाशी गडद वाळू असेल तर माशाचं पोट काळं पडतं. पांढरी वाळू खालून थोडा उजेड परत देते.

काचेतलं दुसरं भूत म्हणजे आपण स्वतः. हिवाळ्यात मुंबईहून डेक्कन क्वीननं परतताना कर्जत सोडलं की खिडकीत बाहेरचं काही दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. बाहेर अंधार आणि डब्यात दिवे, म्हणून काचेचा आरसा होतो. तेव्हा आपण काय करतो? तोंड काचेला लावतो आणि दोन्ही बाजूंनी हात धरतो. टाकीसमोर हेच करायचं. खोलीतले दिवे आणि टीव्ही बंद, पडदे ओढलेले, अंगात काळा टी-शर्ट आणि लेन्सच्या तोंडाला रबरी हूड लावून तो काचेला टेकवलेला. हूड नसेल तर अप्पा बळवंत चौकातून काळं कार्डशीट आणायचं, मधोमध लेन्सएवढं भोक पाडायचं आणि त्यातून पाहायचं. माझं पहिलं वर्षभर यावरच भागलं.

कॅमेरा काचेशी काटकोनात असायला हवा हेही इथंच सांगतो. पाण्याच्या ग्लासात उभा ठेवलेला चमचा मोडल्यासारखा दिसतो ना, तसंच तिरक्या कोनातून पाहिलेला मासा लांबट, पसरट आणि कडांना रंगीत झालर लावलेला दिसतो. आपण बाजूला सरकायचं, पण लेन्स तिरकी करायची नाही.

आणि काच पुसायची. बाहेरून तर पुसायचीच, आतूनही. आतलं शेवाळ काढताना चुंबकाच्या घासणीत वाळूचा एक कण अडकला आणि माझ्या टाकीला वीतभर लांब ओरखडा पडला. आजही प्रत्येक तिसऱ्या फोटोत तो डोकावतो. पाणी बदललेल्या दिवशी फोटोच काढू नयेत, काचेवर आणि माशांच्या अंगावर बारीक बुडबुडे चिकटलेले असतात. दुसऱ्या दिवशी काढावेत.

"माझ्याकडे फोनच आहे"

फोनचा स्वतःचा फ्लॅश हा खरा फ्लॅश नसतो. ती छोटी बॅटरी असते, सावकाश पेटते आणि लेन्सच्या शेजारीच असल्यामुळे काचेत थेट उलटते. ती बंदच ठेवा. रात्रीचा मोडही बंद ठेवा. त्यात फोन अनेक फोटो पाठोपाठ काढून एकमेकांवर बसवतो. शनिवारवाड्याचा दरवाजा त्यात सुरेख येतो, कारण तो जागचा हलत नाही. माशाची मात्र तीन भुतं दिसतात.

फोनवाल्यांसाठी सतत उजेड हाच उपाय. तपकीर गल्लीत मिळणारा ३० ते ५० वॉटचा एलईडी फ्लडलाइट फोटोपुरता झाकणाच्या काचेवर ठेवला तर शटर चार-आठ पट झटपट करता येतं. लहान दिव्याचं अंतर अर्धं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून भिंतीवरच्या मोठ्या दिव्यापेक्षा डोक्यावरचा छोटा दिवा उपयोगी. फक्त पाणी आणि वीज शेजारी आहेत हे विसरू नका: दिवा पाण्यापासून संरक्षित असलेलाच घ्या, घट्ट बांधा, आणि वायर प्लगपेक्षा खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जात नाही.

मग फोनच्या प्रो मोडमध्ये (ज्यात शटर आणि आयएसओ आपणच ठरवतो) शटर १/२५०, आयएसओ ८०० पर्यंत, आणि एकामागून एक फोटो. फोटोत आडवे पट्टे आले तर दोष दिव्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, झटपट शटरला कळतं. डिमर लावलेल्या दिव्याचं तर विचारूच नका. डिमर पूर्ण वर न्या, तरीही पट्टे राहिले तर दिवा बदला.

हे सगळं जड वाटत असेल तर भरपूर उजेडात फोर-के (४के) व्हिडिओ काढा आणि त्यातली एक चौकट उचला. ती जवळपास ८३ लाख ठिपक्यांची असते, घरच्या ग्रुपला पुरून उरते.

थांबायचं कुठं

कर्वे रोड ओलांडताना आपण स्कूटर आत्ता कुठं आहे ते बघत नाही, दोन सेकंदांनी कुठं असेल ते बघतो. म्बुनाच्या बाबतीत हे रस्त्यापेक्षा सोपं आहे, कारण त्याचा मार्ग ठरलेला असतो. दहा मिनिटं नुसतं बघत बसा. कपारीतून निघून फिल्टरच्या पाइपापर्यंत, तिथं वळसा, परत कपारी. वळणावर तो क्षणभर जवळजवळ थांबतो आणि कुशीनं आपल्यासमोर येतो. फोकस त्या जागेवर आधीच लावून ठेवायचा, हातानं, आणि वाट बघायची. मागे फिरत फोकस शोधणारा कॅमेरा नेहमी शेपटीचा फोटो काढतो.

फोटोआधी खायला घालू नका. पाण्यात उडालेला प्रत्येक कण फ्लॅशमध्ये ताऱ्यासारखा चमकतो. उलट भुकेले सिक्लिड आपल्याला ओळखून समोरच्या काचेशी गोळा होतात, त्याचा फायदा घ्या.

"फ्लॅशनं माशांचे डोळे जात नाहीत का?"

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि रास्त आहे. बहुतेक माशांना पापण्या नसतात. सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात समुद्रतळाशी राहणाऱ्या लहान माशांवर आणि समुद्रघोड्यांवर फ्लॅशचा परिणाम तपासला होता. समुद्रघोड्यांच्या डोळ्यांत इजा आढळली नाही, आणि माणसानं जवळ जाणं, हात लावणं याचा त्रास फ्लॅशपेक्षा जास्त दिसला. अभ्यास सिक्लिडवर नव्हता, म्हणून मी त्याचा ताम्रपट करत नाही. माझा नियम साधा आहे: अंधाऱ्या टाकीवर फ्लॅश कधीच नाही. आधी टाकीचा दिवा लावून अर्धा तास जाऊ देतो, म्हणजे मासे दचकून दगडांवर आपटत नाहीत. पिल्लं तोंडात घेऊन फिरणारी मादी असेल तर तिच्या वाटेला जात नाही. दचकली तर ती पिल्लं थुंकून टाकू शकते, किंवा गिळूही शकते.

घाबरलेल्या माशाचा फोटो तसाही वाईटच येतो. सिक्लिडचा रंग कातडीतल्या पेशींवर चालतो आणि त्या पेशी मज्जासंस्थेच्या हुकमात असतात. भांडणात हरलेला नर काही मिनिटांत फिका पडतो, जिंकलेला उजळतो. निळी झळाळी तर रंगद्रव्याचीही नसते. कातडीतल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती दिसते, म्हणून फ्लॅशचा कोन दोन बोटं बदलला तरी निळा मासा राखाडी होतो. फ्लॅश पुढेमागे सरकवून बघण्यात माझ्या कित्येक रविवारच्या दुपारी गेल्या आहेत आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

दुकानातल्या फोटोचं काय करायचं मग

ऑनलाइन विक्रीच्या फोटोंत लालभडक आणि निळेशार मासे दिसतात, ते घरी आल्यावर मळकट निघतात. प्रत्येक वेळी रंग वाढवलेलाच असतो असं नाही. गुलाबी-निळ्या एलईडीखाली काढलेला सरळ फोटोही खोटंच बोलतो. विकत घेण्याआधी पांढऱ्या उजेडात काढलेला फोटो मागा, आणि माशाशेजारी काहीतरी पांढरं दिसतंय का बघा: फिल्टरचा पाइप, वाळू, काहीही. ते गुलाबी दिसत असेल तर मासाही तेवढाच रंगलेला आहे.

"एआयनं फोटो दुरुस्त होत नाही का?" हा भाच्याचा शेवटचा प्रश्न. होतो, पण १०० ठिपक्यांवर फासलेले खवले त्याला ठाऊक नसतात, तो त्या जागी शोभतील असे खवले काढून देतो. ग्रुपवर टाकायला हरकत नाही. पण पराच्या कडेला पांढरं काय आलंय ते जाणकाराला दाखवायचं असेल, किंवा हा नर शुद्ध जातीचा की संकर हे विचारायचं असेल, तर काढलेल्या खवल्यांवरून मिळालेलं उत्तर घेऊन मी टाकीत औषध ओतणार नाही.

भाच्याला दुसऱ्या दिवशी फ्लडलाइट, काळं कार्डशीट आणि वळणाची जागा दाखवली. त्यानं १४० फोटो काढले आणि त्यातले तीन ठेवले. माझं प्रमाणही साधारण तेच आहे, म्हणून मी काही बोललो नाही. तिसऱ्या फोटोत येलो लॅबनं भलामोठा जबडा उघडलाय आणि पराची काळी किनार सुईनं आखल्यासारखी आली आहे. तो ग्रुपवर पडल्यावर आईनं लिहिलं: "हा कुठला नवीन आणलास?"